लाकूड घरी, लोखंड चौकीत

१

साहेब, ती बंदूक तुमच्या कुलपात होती. दामाजी कोळ्याच्या घरात नव्हती. हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं आणि आजही आहे. तरी तुम्ही सत्तरीच्या म्हाताऱ्याला त्याच्याच पुतण्याचा खुनी ठरवलंत, आणि कागदावर असं ठासून ठरवलंत की त्याच्या सख्ख्या गावानं तुमच्यावर विश्वास ठेवला, त्याच्यावर नाही. खोटं बोलणारे पुष्कळ असतात. तुमच्या खोट्यावर शिक्का असतो, फरक तेवढाच.

तर झालं ते असं.

पंच्याण्णवचा फेब्रुवारी, विधानसभेच्या मतदानाला सहा दिवस राहिलेले. डोंबिवलीच्या पश्चिमेला, रेतीबंदराच्या खालच्या अंगाला कोळ्यांची तीसेक घरं आहेत. तिथला पोपट, सत्तावीस वर्षांचा गडी, ऊन कलल्यावर ओहोटीला होडीत उभा राहून खाडीत रोवलेल्या खुंटाचं जाळं सोडवत होता. एक आवाज झाला. प्रचाराचे दिवस, जिकडे तिकडे फटाके, कुणी मान वर केली नाही. पोपट जाळ्यावर वाकला तो वाकलाच. होडी ओढीनं पुलाच्या बाजूला चालली तेव्हा बायकांनी आरडाओरडा केला. काठावर आणून पाहिलं तर मानेत एकच गोळी. भोक एवढंसं की करंगळीही जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी कालवं काढणाऱ्या बाईच्या पायाला चिखलात लोखंड लागलं. एका वेळी एकच गोळी भरायची जुनी रायफल होती ती. नुसती नळी आणि घोड्याची पेटी. मागचा लाकडी दस्ता, जो खांद्याला टेकवून नेम धरतात, तो नव्हताच. नंबर पाहिला, तो दामाजीच्या परवान्याचा निघाला. दामाजीच्या घराची झडती घेतली, तर माळ्यावर जुन्या लुंगीत गुंडाळलेला दस्ता मिळाला.

झालं. खुंट कुणी कुठे मारायचा यावरून काका-पुतण्याची महिन्यापूर्वी बाचाबाची झालेली, ती साऱ्या गावानं ऐकलेली. तपासावरच्या पोलीस साहेबांनी गोष्ट जुळवली. म्हाताऱ्यानं घरीच दस्ता काढून बंदूक आखूड केली, घोंगडीखाली लपवून नेली, पुतण्याला मारलं आणि लोखंड खाडीत फेकलं. लाकूड फेकलं असतं तर तरंगलं असतं, म्हणून ते घरी ठेवलं.

दामाजी एकच सांगत राहिला, "बंदूक मी पंधरा दिवस आधी चौकीत जमा केलेली. निवडणूक हाय म्हनून तुमीच मागवलेली."

जमा रजिस्टरात त्याचं नाव नव्हतं.

मग साहेबांनी प्रभाकर मेस्त्रीला बोलावलं. मूळचा मालवणकडचा सुतार. एकतीस वर्षं शस्त्रांच्या कारखान्यात रायफलींना दस्ते बसवण्यात गेलेली. निवृत्त होऊन डोंबिवलीत दोन खोल्यांत एकटा राहायचा. टेबलावर लोखंड होतं आणि शेजारी दस्ता.

"हा दस्ता या बंदुकीचा आहे का, एवढंच सांगा," साहेब म्हणाले.

प्रभाकरनं आधी लोखंड उचललं. बोटं काळी झाली. दस्त्याचं तोंड ज्या खोबणीत बसतं ती तेलात कालवलेल्या काजळीनं माखलेली होती. मात्र काठावर चार ठिकाणी काजळी खरवडून लोखंड चकाकत होतं. मग त्यानं दस्ता घेतला. शिसवी, आणि त्याच्याच हातचा. तोंड स्वच्छ होतं. लांब स्क्रूच्या भोकावर सुकलेल्या तेलाची पातळ साय धरलेली, ती त्यानं सवयीनं अंगठ्यानं फोडली आणि दस्ता खोबणीत सारला. लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"याचाच आहे. मीच केलाय."

"बस. सही करा."

प्रभाकरनं सही केली. घरी येऊन मोरीत रॉकेलनं हात धुताना ती काजळी बोटांवरून उतरेना, तेव्हा त्याला चार वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली.

२

एक्क्याण्णवच्या निवडणुकीत दामाजीची बंदूक अशीच चौकीत जमा झालेली. परत मिळाली तेव्हा दस्त्याची वाळवीनं चाळण केलेली. म्हातारा ती चाळण फडक्यात बांधून प्रभाकरकडे आला होता. प्रभाकरनं नवा दस्ता घडवला, मजुरी म्हणून दोन जिताडे घेतले, आणि वर शहाणपण शिकवलं. "पुढल्या खेपेला लाकूड घरी ठेवा. सरकारचा नंबर लोखंडावर असतो, तेवढंच जमा करा." दस्ता कसा काढायचा तेही अर्धा तास बसून दाखवलं.

म्हणजे सल्ला त्याचा आणि सहीही त्याचीच. साहेबांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. कारखान्यात एकतीस वर्षांत माणूस लाकडाबरोबर जीभही तासून घेतो.

दुसऱ्या दिवशी तो मासळीबाजारात गेला. दामाजीची मुलगी शेवंती तिथे बसायची. दहा वर्षांचं गिऱ्हाईक तो. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाटीवर ओलं गोणपाट ओढलं.

"तुमाला नाय मिलनार."

"शेवंते, अगं ऐकून तरी—"

"काय ऐकू? सई केलीत नं? मंग जा. साहेबाकडं जा, तो घालील सुरमई." शेजारच्या कोळणी माना वळवून ऐकत होत्या. शेवंतीचा आवाज खाली आला. "मेस्त्री, पोपटची आई बालंतपनात गेली. माझ्या बापसानं त्याला बोटानं दूध पाजलं. मना कवा खांद्यावर घेतला नाय एवढा त्याला घेतला. खुंटावरून भांडले, व्हय. सकाली भांडले नि दुपारी एका ताटात जेवले. ते नाय दिसलं कोनाला?"

"मला दिसलं ते मीही बोललो नाही."

"काय दिसलं?"

प्रभाकरलाच अजून ते नीट दिसलेलं नव्हतं.

"मला तुझ्या बापाला भेटव," तो म्हणाला.

शेवंतीनं कोयत्यावरचं पाणी झटकलं. "गावात आमच्याकडं कोन पानी पीत नाय. तुमी आमच्यासंगं ठान्याच्या तुरुंगात येनार?"

"येणार."

३

ठाण्याच्या तुरुंगात जाळीपलीकडे दामाजी दिसला तो अर्धा झालेला. खोकत होता. प्रभाकरला पाहून रागावला नाही, हेच प्रभाकरला सोसलं नाही.

"मेस्त्री, तुमी बरूबरच बोललात. दस्ता माझाच हाय."

"दामाजीबाबा, बंदूक जमा केलीत त्या दिवशी काय काय केलंत? उठल्यापासून सांगा. काही गाळू नका."

"शेवंतीनं भाकरी दिली. मी माल्यावरनं बंदूक काडली. तोंड उघडून गोली नाय ते बघितलं. तुमी शिकवलं तसं मागची पाटी सोडली, लांब पेचकस घातला, लाकूड काडलं. स्क्रू लाकडातच ऱ्हाऊ दिला. लाकडाला मोरी माशाच्या तेलाचा हात मारला, होडीला मारतो तसा. लुंगीत गुंडाललं."

"आणि लोखंडाला?"

"खाडीची हवा, मेस्त्री, लोखंड खाते. चौकीची खोली तर निसती ओल. मंग तव्यामागची काजल घेतली, मोरीच्या तेलात कालवली नि दिली फासून. मागच्या खोबनीत जास्ती, लाकूड नाय तिथं उगडंच असतं नं."

प्रभाकर जाळीला टेकला. "काजळी लाकूड काढल्यावर लावली? नक्की?"

"लाकूड असताना खोबनीत बोट कसं जाईल?" दामाजी किंचित हसला. "एवडं शिकवलंत तरी इसरलात."

"मग परत दस्ता कधी चढवलात?"

"कवाच नाय. बंदूक हवालदाराच्या हातात दिली. तो बोलला, हात काले केलेस म्हाताऱ्या. चिठ्ठी दिली, ती मी परवान्याच्या बुकात ठेवली. बुक त्यांनी पकडताना नेलं."

खोबणीतली चार चकाकती ठिकाणं प्रभाकरच्या डोळ्यांपुढे आली. काजळी लावल्यानंतर त्या खोबणीत कुठलं तरी लाकूड घुसलं होतं, आणि जबरदस्तीनं घुसलं होतं. दामाजीच्या दस्त्यावर तर काजळीचा कण नव्हता. आता होता. तपासाच्या टेबलावर प्रभाकरनंच तो लावला होता, आणि स्क्रू पुन्हा बसवलेला नाही हे सांगणारी भोकावरची सायही त्याच्याच अंगठ्यानं गेली होती.

"मेस्त्री," दामाजी म्हणाला, "मना सोडवा म्हनून नाय बोलत. माजं किती ऱ्हायलंय. पन पोपटचं दहावं कोनी केलं मना ठाव नाय. गावानं मना कलवलं नाय. मी नाय मारला, एवडं गावाला कलू दे. ते साहेबाच्या तोंडानं कलू दे, माज्या तोंडाला आता किंमत नाय."

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. दामाजी उठला आणि चार पावलांवर भिंतीला हात टेकून थांबला.

४

पोपटला गोळी लागली ती काठावरून. होडी खुंटाशी होती, म्हणजे कमीत कमी चाळीस पावलं. दस्ता नसलेली रायफल हातात धरून चाळीस पावलांवरचा माणूस मानेत टिपता येत नाही. हे प्रभाकरला कुणी शिकवायला नको होतं. तेव्हा मारणाऱ्याकडे लोखंड दामाजीचं होतं आणि लाकूड दुसरं.

लाकूड घडवू शकणारा माणूस त्या गावात एकच होता, आणि तो दामाजीचा जावई होता. चंदू होड्या बांधायचा. पोपटशी त्याचं वाकडं होतं, हेही प्रभाकरला कळलं. पोपट रेती उपसणाऱ्या काळुरामच्या बोटींविरुद्ध अर्जावर अंगठे गोळा करत फिरत होता, आणि चंदू त्याच बोटींच्या फळ्या बदलून पोट भरत होता.

प्रभाकर गेला तेव्हा चंदू एका उपड्या होडीच्या भेगांत कापूस ठोकत होता. शेवंती चहा घेऊन आली आणि दाराशीच थबकली. नवऱ्याला काय विचारलं जाणार ते तिला कळलेलं.

"दस्ता घडवायला तुला किती दिवस लागतील?" प्रभाकरनं विचारलं.

चंदूनं हातोडा ठेवला नाही. "सरळ विचारा ना, मेस्त्री. पोपटला मी मारला का?"

"मारलास का?"

"त्यानं माझ्या थोबाडीत दिलेली. भर नाक्यावर. बोलला, आपल्या काठाखालची रेती उपसतात त्यांच्या बोटी तू सांधतोस, शरम नाय? मी त्याच्याशी बोलायचा बंद झालेलो." त्यानं कापसाचा पीळ भेगेत सारला. "तो बरोबर होता, तेच डोक्यात गेलेलं. तो बुडला त्या दिवशी... वाहत गेला त्या दिवशी, मीच पोहत गेलेलो होडी आणायला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं." त्यानं कापसावर हातोडा मारला. शेवंती चहा खाली ठेवून आत गेली.

मग चंदू म्हणाला, "आणि मी दस्ता केला असता तर बंदूक समोर हवी. बंदूक तर सासऱ्यानं चौकीत दिलेली. नवीन लाकूड करायला आठ दिवस. त्यापेक्षा काळुरामचा काढून लावणं सोपं."

"काळुरामचा?"

"तुम्हाला म्हाईत नाय? त्याचा बाप नि दामाजीचा बाप एकाच मिठागरावर राखण करायचे. मिठागराच्या मालकानं दोघांना एकाच दिवशी बंदुका घेऊन दिल्या. एकाच कारखान्याच्या. आवळ्याजावळ्या."

प्रभाकर ताडकन उठला. चहा तसाच राहिला.

५

चौकीतला सीताराम हवालदार दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. जमा खोलीची चावी त्याच्या कंबरेला. प्रभाकरनं त्याला चौकीत गाठलं नाही. मंडईत भाजी घेताना गाठलं.

"हवालदार, दामाजीनं हात काळे केले तुमचे."

सीतारामनं हातातली मेथी पुन्हा ढिगावर ठेवली. "कोण बोललं?"

"काजळी बोलली. रजिस्टर बघायला मिळेल?"

"जुनं भिजलं. नवीन उतरवून काढलंय."

"भिजलं? पाऊस नसताना?"

"माठ फुटला."

"रजिस्टरावर माठ ठेवता?"

सीताराम हसला नाही. त्याच्या डोळ्यांखाली महिन्याची जागरणं होती. भाजीवाली ऐकत होती म्हणून त्यानं प्रभाकरला कांद्याच्या गोण्यांमागे नेलं.

"मेस्त्री, मला दोन पोरी आहेत लग्नाच्या. तुम्ही भले माणूस. एक सांगतो, पुन्हा विचारू नका. चावी माझ्याकडे असते. कुलूप कधी उघडायचं ते वरून सांगतात. आणि उघडल्याचं लिहायचं नाही, हेही वरूनच सांगतात."

"वर म्हणजे कोण?"

"वर म्हणजे वर," सीताराम म्हणाला आणि भाजी न घेताच निघून गेला.

त्याच आठवड्यात निकाल लागून जमा बंदुका ज्याच्या त्याला परत मिळाल्या. काळुरामलाही मिळाली.

६

काळुराम पाच रेतीबोटींचा धनी. घराला संगमरवरी पायऱ्या, ओटीवर झोपाळा, आणि बोलण्यात मोठं अगत्य. प्रभाकर गेला आणि म्हणाला की जमा खोलीतून आलेल्या बंदुकांचे दस्ते ढिले होतात, वाळवीही लागते. दामाजीची झालेली तशी तुमची होऊ नये, बघून देतो.

"या की, मेस्त्री. तुमच्यासारखा कारागीर आपण होऊन घरी येतो, हे भाग्य आपलं." त्यानं स्वतः बंदूक आणून दिली. "हलतोय खरा जरा. दीड महिना पडून होती ना. पंचवीस जानेवारीला जमा केली, कालपरवा आणली. पावती आहे माझ्याकडे. आपलं काम कायदेशीर." पावती त्यानं न मागता दाखवली. तारखा, शिक्का, सगळं चोख.

प्रभाकरनं जमिनीवर पांढरा कागद पसरला. खालचा दांडा ओढून बंदुकीचं तोंड उघडलं, आत बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री केली. मग दस्त्याच्या टोकाची लोखंडी पाटी पाहिली. पाटीच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा नव्यानं कुरतडलेल्या होत्या. घाईत कुणीतरी चुकीचा पेचकस लावला होता. त्यानं पाटी सोडली, हातभर लांब पेचकस दस्त्याच्या पोटात घातला आणि आतला स्क्रू फिरवला. झोपाळ्याची कडी करकरत होती. दस्ता सैल झाला, मागे ओढला, हातात आला.

तोंडाच्या चार कोपऱ्यांवर काळं होतं.

नवा दस्ता लोखंडात बसवताना कारागीर लोखंडाला काजळी फासतात. लाकूड जिथे अडतं तिथे काळं उठतं, तेवढंच तासायचं. एकतीस वर्षं प्रभाकरनं लाकडावरचं हे काळं वाचलं होतं. दुसऱ्याच्या पायातला जोडा घातला की टाच जिथे घासते, तिथेच हे काळं होतं. त्यानं दस्त्याचं तोंड नाकाशी नेलं. मोरीच्या तेलाचा उग्र वास. काळुरामच्या घरात बंदुकीला यंत्राचं तेल लागायचं, त्याची बाटली तिथेच झोपाळ्याखाली उभी होती.

त्यानं दस्त्याचं तोंड कागदावर दाबलं. उचललं. चार काळे ठसे. कागद घडी करून खिशात ठेवला.

झोपाळा थांबला.

"ते काय केलंत?"

"बसतंय कुठे, नाही कुठे, ते बघायची आमची पद्धत."

काळुरामनं त्याच्या खिशाकडे पाहिलं. बाहेर खाडीवर पंपांची घरघर चालू होती. मग तो अगदी हळू म्हणाला, "चढवा परत. आणि ते काळं पुसून घ्या. म्हाताऱ्याची छाती भरलीय म्हणे आत. अशा माणसाला उगाच आशा लावू नये, मेस्त्री. पाप लागतं."

७

प्रभाकर ठाण्याला साहेबांच्या कचेरीत गेला तो अर्ज घेऊनच, सोबत शेवंती. साहेबांपुढे उभं राहून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा न विचारलेलं सांगितलं.

"साहेब, काळुरामच्या दस्त्याला दामाजीच्या लोखंडाची काजळी लागलीय. ही काजळी दामाजीनं लाकूड काढल्यावर, जमा करायला निघताना फासली. त्या दिवसानंतर ही दोन्ही एकमेकांना कुठे भेटली, एवढाच प्रश्न आहे. काळुरामची पावती सांगते, त्याची बंदूक पंचवीस जानेवारीपासून मार्चपर्यंत तुमच्या खोलीत होती. ती पावती खरी असेल तर दामाजीचं लोखंडही तुमच्याच खोलीत होतं, आणि दामाजी खरं बोलतोय. पावती खोटी असेल तर काळुरामचा दस्ता तुमच्या खोलीत नव्हताच, तो बाहेर होता, चाळीस पावलांवरून नेम धरायला. कुठलीही बाजू घ्या, कुलूप उघडलेलं आहे. माझ्या मते झालं ते असं. पोपटचा अर्ज काळुरामला नडत होता. दामाजीच्या बंदुकीनं मारलं की दामाजीच अडकेल, म्हणून ती खोलीतून काढली. काढल्यावर दिसलं, दस्ताच नाही. मग स्वतःच्याच बंदुकीचा दस्ता ठोकून बसवला, काम झाल्यावर परत काढला, लोखंड चिखलात टाकलं. काळुराम नेमबाज आहे, पण कुलूप त्यानं तोडलेलं नाही. ते कुणीतरी उघडून दिलं."

साहेबांनी ठशांचा कागद उलटसुलट करून पाहिला. "हे काळे डाग?"

"लोखंड मागवा. त्यावरच्या चार घासलेल्या जागा आणि हे चार ठसे शेजारी ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. काळुरामचा दस्ताही आजच जप्त करा."

"तुम्हीच ना सही केलेली, दस्ता दामाजीचा म्हणून?"

"मीच. ती खरी आहे. अर्धी आहे."

"बघू," साहेब म्हणाले.

बघण्यात एप्रिल गेला. काळुरामच्या दस्त्याला कुणीतरी जाऊन पाहिलं तेव्हा तो काचकागदानं घासून नवं पॉलिश केलेला होता. शेवंती दर आठवड्याला ठाण्याला जायची, पाटी बाजूला ठेवून बाकावर बसायची आणि परत यायची. लोखंड कोर्टाच्या ताब्यातून मागवायला पत्र गेलं होतं. पत्राला उत्तर यायचं होतं.

मे महिन्याच्या अकरा तारखेला दामाजी गेला. छातीनंच गेला.

गावात आणलं तेव्हा दारं बंद होती. खांदा द्यायला चंदू होता, प्रभाकर होता, चंदूचा दूरचा एक भाऊ आंबिवलीहून आलेला. चौथा मिळेना. हौसाबाई म्हणून पोपटला जन्माच्या वेळी हातात घेतलेली म्हातारी सुईण होती, ती दारात येऊन म्हणाली, "कागदावर खुनी लिवलंय त्याला. आमी काय करू?" आणि आत गेली. चौथ्या बाजूला शेवंतीनं खांदा लावला. खाडीच्या काठानं ते चौघं हळूहळू गेले. बापाचं ओझं फारसं नव्हतंच.

बारा दिवस झाल्यावर ती पुन्हा ठाण्याला गेली. प्रभाकर बरोबर होता. साहेबांनी या वेळी फाईल आधीच काढून ठेवलेली होती.

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण आता विषय मिटला. आरोपी मयत झाला की खटला आपोआप संपतो. कायदाच आहे तसा."

"संपतो म्हंजे काय?" शेवंतीनं विचारलं.

"म्हणजे पुढे काही नाही. कोर्ट दोषी म्हणत नाही, निर्दोषही म्हणत नाही."

"नि काळुराम?"

"त्याच्याविरुद्ध गुन्हा नाही."

"लोखंड आलं?"

"आता कशाला मागवायचं?"

प्रभाकर पुढे झाला, पण शेवंतीनं त्याला हातानं मागे सारलं. ती खुर्चीवर बसली नाही. टेबलासमोरच्या फरशीवर मांडी घालून बसली, बाजारात बसायची तशी. बाहेरचा शिपाई आत आला, साहेबांनी त्याला खुणेनं थांबवलं.

"साहेब, तुमी बोलता बापूस मेला म्हनून संपलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तो मेलाय, मी हाय. गाव तुमचा कागद वाचतो. कागदावर खुनी लिवलंय तवर माज्या पोरांच्या हातचं पानी कोन पिनार नाय. मना दोन वली लिवून पायजेत, शिक्का मारून. पोपटला दामाजीनं मारला, नायतर नाय मारला. आनि नाय मारला, तर तुमच्या खोलीचं कुलूप कोनी उघडायला सांगितलं त्याचं नाव. जे खरं असंल ते लिवा, मी अंगठा देते. मी उठनार नाय. सांगा, साहेब. कोनी सांगितलं?"